रणगाड्यांची स्केल मॉडेल: जोडणी, रंग आणि चिखल-धूळ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किटच्या डब्यातल्या सूचना हवामान गृहीत धरून लिहिलेल्या असतात, आणि ते हवामान आपलं नसतं. मराठवाड्यातलं एप्रिल-मेचं ऊन, बोअरचं क्षाराचं पाणी आणि काळी माती या तिन्हींचा मॉडेलच्या कामावर थेट परिणाम होतो. म्हणून इथली उत्तरं जालना, नांदेड, लातूर, बीडकडे घरच्या टेबलावर काम करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

पहिलं किट कोणत्या स्केलचं घ्यावं?

१/३५, म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याइतकं. लष्करी गाड्यांची सर्वात जास्त किटं, सैनिकांच्या छोट्या मूर्ती आणि सुटे भाग याच स्केलमध्ये मिळतात. टी-७२ रणगाड्याचा हल (वरचा फिरता भाग, म्हणजे टरेट, सोडून उरलेलं धड) साधारण सात मीटर लांब आहे, म्हणजे १/३५ मध्ये तो २० सेंटिमीटर भरतो. तोफेची नळी पुढे रोखलेली असेल तर एकूण लांबी २७ सेंटिमीटरपर्यंत जाते. १/७२ मध्ये तोच हल दहा सेंटिमीटरच्या आत बसतो. जागा वाचते, पण हँडल आणि हूक इतके बारीक होतात की नवख्या हाताला ते कापताना तुटतात.

भागांची संख्या दीडशे ते अडीचशेच्या दरम्यान असावी. आतल्या इंजिनसकटची किटं आणि पितळी फोटो-एचचे (रसायनाने कोरलेले बारीक भाग असलेले) पत्रे भरपूर असलेली किटं पुढच्यासाठी ठेवा. तामिया या जपानी कंपनीची जुनी शर्मन (अमेरिकन रणगाडा) किंवा जीप सुरुवातीला उत्तम, कारण भाग नीट बसतात आणि चूक झाली तर ती किटची की आपली हे लगेच कळतं.

हत्यारं आणि साहित्य गावात मिळतं का?

बरंचसं मिळतं. वॉटर पेपर (४००, ६०० आणि १००० नंबर) गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतो. मोबाईल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात टोकदार चिमटा आणि छोटा साइड कटर मिळतो. मेडिकलमधून २ आणि ५ मिलीच्या सुईविना सिरिंज आणा, रंग-थिनर मोजायला त्यांच्याइतकं सोयीचं काही नाही. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर, हार्डवेअरमधून मिनरल टर्पेंटाइन आणि चित्रकलेच्या दुकानातून कॅमलचे ऑइल कलर आणा. ऑइलमध्ये बर्न्ट अंबर, रॉ अंबर, यलो ऑकर, पांढरा आणि काळा एवढे पाच पुरतात.

मागवावं लागतं ते मुख्यतः चार: प्लास्टिक सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद), मॉडेलचे ॲक्रिलिक रंग, प्रायमर आणि चांगल्या पात्याचा हॉबी नाइफ.

फेव्हिक्विकने सगळं जोडलं तर चालणार नाही का?

प्लास्टिकला प्लास्टिक जोडायला नको. पातळ सिमेंट दोन्ही कडा विरघळवून त्यांचा एकच भाग करतं, आणि भाग नीट सरकवायला काही सेकंद मिळतात. फेव्हिक्विक वरच्या वर धरतं, लगेच पकडतं आणि आडव्या धक्क्याने सुटतं. धातू आणि रेझिनच्या भागांना मात्र तेच लागतं, कारण सिमेंटचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. पेरिस्कोप आणि दिव्यांच्या पारदर्शक भागांना दोन्ही नकोत. फेव्हिक्विकच्या वाफेने काचेवर पांढरी बुरशी आल्यासारखं होतं. तिथे पांढरा फेव्हिकॉल वापरा.

एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंगाचा तीव्र थिनर) स्वस्त आहे. तोच सगळीकडे वापरला तर?

हे स्पष्ट सांगतो: मॉडेलवर एनसी थिनर लावू नका. तो पॉलिस्टायरीन प्लास्टिक विरघळवतो, आणि वॉशसाठी (खाचांत उतरवायचा अगदी पातळ गडद रंग) वापरलात तर खालचा रंगही उचलतो. त्याचा उपयोग एअरब्रशचे (हवेच्या दाबाने रंग फवारणारं हत्यार) धातूचे भाग धुण्यापुरताच, तेही रबराच्या रिंगा काढून ठेवून. वॉश आणि ऑइलच्या कामाला टर्पेंटाइन घ्या.

टर्पेंटाइनही बेताने. सस्पेन्शनचे हात, एक्सल अशा ताणाखाली असलेल्या सांध्यात ते केशाकर्षणाने आत शिरतं, प्लास्टिक ठिसूळ होतं आणि दुसऱ्या दिवशी चाक हातात येतं. त्यामुळे खालच्या भागात वॉश ओतायचा नाही, टोकदार ब्रशने टेकवायचा.

जोडणीत सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

चाकांत. सगळी रोड व्हील (गाडीचं वजन पेलणारी खालची चाकं) जमिनीला टेकली नाहीत, तर वरचा रंग कितीही सुंदर असो, गाडीला वजन आहे असं वाटत नाही. सस्पेन्शनचे हात चिकटवल्यावर सिमेंट मऊ असतानाच, दहा-पंधरा मिनिटांच्या आत, चाकं नुसती बसवून हल सपाट पृष्ठभागावर ठेवा. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा किंवा आरसा यासाठी चांगला. वरून थोडं वजन द्या आणि रात्रभर हलवू नका.

त्याआधीची कामं क्रमाने अशी. स्प्रू (भाग जोडलेली प्लास्टिकची चौकट) कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवा, नाहीतर साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेल रंग धरू देत नाही. भाग दोन कापांत सुटा करा: पहिला काप भागापासून दोन-तीन मिलिमीटर लांब, दुसरा लगत. एकाच कापात तोडला तर प्लास्टिकवर पांढरा ताण उमटतो आणि खड्डा पडतो. चिकटवण्याआधी भाग कोरडाच बसवून पाहा.

नळी दोन अर्ध्या भागांची असेल तर सिमेंट थोडं जास्त लावून दाबा, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकची बारीक धार सांध्यातून बाहेर येईल. चोवीस तासांनी ती ४०० आणि मग ६०० च्या ओल्या पेपरने घासा. नळी फिरवत घासा, एकाच जागी घासली तर ती चपटी होते. एनसी पुट्टी फटींना चालते, पण पातळ थरात. जाड थर आतून सुकत नाही, प्लास्टिक मऊ करतो आणि आठवड्याभराने खचतो.

ट्रॅक खरे का वाटत नाहीत?

बहुतेक वेळा ते रबर बँडसारखे ताणलेले असतात म्हणून. खऱ्या रणगाड्याचा ट्रॅक म्हणजे टनावारी वजनाच्या पोलादी कड्यांची साखळी. ती दोन आधारांमध्ये झोळ खाते. हा झोळ प्रत्येक गाडीत वेगळा असतो, म्हणून आधी रचना पाहावी लागते. टी-५५ ला रिटर्न रोलर (वरचा ट्रॅक उचलून धरणारी छोटी चाकं) नाहीत, त्यामुळे वरचा ट्रॅक थेट रोड व्हीलच्या माथ्यावर टेकतो आणि मागच्या स्प्रॉकेटकडे (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाकडे) चढतो. टी-७२ ला बाजूला तीन रिटर्न रोलर आहेत, त्यामुळे झोळ लहान आणि तीन-चार ठिकाणी विभागलेला. शर्मनचं स्प्रॉकेट पुढे असतं आणि ट्रॅक बऱ्यापैकी ताठ दिसतो.

व्हिनाइलचा ट्रॅक असेल तर तो वरच्या चाकांना फेव्हिक्विकच्या बारीक थेंबाने खाली धरून चिकटवा. सुटत असेल तर साइड स्कर्टच्या (ट्रॅकवरच्या बाजूच्या पत्र्याच्या) आड हलला छिद्र पाडून बारीक तारेने दाबा. सुट्या कड्यांचा ट्रॅक असेल तर कडी सरळ पट्टीलगत सिमेंटने जोडा, अर्धा-पाऊण तास थांबा आणि पट्टी वाकते पण तुटत नाही अशा अवस्थेत असताना चाकांवर गुंडाळा. झोळाच्या जागी इअरबडचे तुकडे खोचून ठेवा, सुकल्यावर काढा. ट्रॅकला दिशा असते. दोन्ही बाजूंना नक्षी एकाच दिशेला जाते ना, हे चिकटवण्याआधी सूचनेतल्या चित्राशी ताडून पाहा.

उन्हाळ्यात एअरब्रशने रंग खरखरीत का बसतो?

कारण तो वाटेतच सुकतो. बाहेर ४२ अंश आणि हवा कोरडी असताना ॲक्रिलिकचा थेंब मॉडेलवर पोचेपर्यंत अर्धा वाळलेला असतो. तो पसरत नाही, कणासारखा चिकटतो. शिवाय सुईच्या टोकावर रंग साठतो आणि मधूनच थुंकीसारखे ठिपके उडतात.

उपाय एकत्र करावे लागतात. सकाळी आठच्या आत काम उरका. तामियाचा रंग त्यांच्याच थिनरने नेहमी १:१ करत असाल तर उन्हाळ्यात दोन भाग रंगाला तीन भाग थिनर घ्या आणि रिटार्डरचे (रंगाचं सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब टाका. ०.३ मिमीच्या नोझलला हवेचा दाब १५ psi ऐवजी १२ ठेवा, कारण दाब जास्त असला की थेंब बारीक होतात आणि लवकर सुकतात. अंतर सात-आठ सेंटिमीटरपेक्षा वाढवू नका. दर काही मिनिटांनी थिनरमध्ये भिजवलेल्या इअरबडने सुईचं टोक पुसा. कूलरचा झोत टेबलावर येऊ देऊ नका. ओलावा चांगला, पण झोतासोबत फुफाटा येतो आणि ओल्या रंगात बसतो.

पावसाळ्यात गणित उलटं होतं. दमट हवेत लॅकर आणि मॅट वार्निशवर पांढरट धुरी येते, कारण सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर दव धरतं. झड लागली असेल त्या दिवशी वार्निश मारू नका.

मध्येच वीज गेली तर ती यायची वाट न पाहता कप रिकामा करून धुवा. उन्हाळ्यात अर्ध्या तासात रंग नोझलमध्ये घट्ट होतो. आणि कुरिअरने आलेलं किट कारमध्ये किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली ठेवू नका. नळी आणि फेंडरसारखे लांब, पातळ भाग उष्णतेने वाकतात.

एअरब्रशशिवाय करता येतं का?

येतं. एकरंगी हिरव्या गाडीला चपटा मऊ ब्रश आणि पातळ रंगाचे तीन-चार थर पुरतात. दोन थरांमध्ये तासभर द्या. वेदरिंगचं (ऊन, धूळ, चिखल, वापराच्या खुणा दाखवण्याचं) जवळजवळ सगळं काम तसंही हातानेच होतं.

डेकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांच्या) कडेला पांढरे डाग आणि चकाकी का दिसते?

दोन वेगळी कारणं. चकाकी म्हणजे डेकलखाली अडकलेली हवा. मॅट रंग खडबडीत असतो, त्याच्या खाचांत हवा राहते. म्हणून डेकलआधी त्या जागी ग्लॉस वार्निश मारायचं, डेकल बसवायचं, सेटिंग सोल्यूशन (डेकल मऊ करून घट्ट बसवणारं द्रव) लावायचं आणि शेवटी मॅट मारायचं. पांढरे डाग मात्र बोअरच्या पाण्याचे. पाणी उडतं, क्षार राहतात. डेकल भिजवायला आणि रंग पातळ करायला डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी घ्या.

वेदरिंग कोणत्या क्रमाने करायचं?

गाडीवर जे आधी घडलं ते आधी. रंग उडाला, मग ऊन-पावसाने फिका पडला, मग धूळ बसली, मग चिखल उडाला, आणि तेल-डिझेल या सगळ्यावर सांडत राहिलं. त्याच क्रमाने हात चालवा.

मूळ रंग पुस्तकातल्या छटेपेक्षा थोडा फिका घ्या. ऑलिव्ह ड्रॅबमध्ये (तामियाचा एक्सएफ-६२) दहाव्या हिश्श्याइतका बफ (एक्सएफ-५७) मिसळला तरी फरक दिसतो, कारण पुढचा प्रत्येक थर गाडी गडदच करत जातो. टवके झाले की पिन वॉश: एक भाग बर्न्ट अंबर आणि दहा भाग टर्पेंटाइन, फक्त बोल्टभोवती, वेल्डच्या रेषेत आणि झाकणांच्या खाचेत. वीस-तीस मिनिटांनी टर्पेंटाइनने किंचित ओला केलेला चपटा ब्रश घेऊन जास्तीचा वॉश पुसा. उभ्या पत्र्यावर ब्रश वरून खालीच ओढायचा, पाऊस तसाच ओघळतो. सगळ्या गाडीवर वॉश फासला तर ती मळकट दिसते, जुनी दिसत नाही.

ऑइल कलर ट्यूबमधून थेट पॅलेटवर न घेता आधी पुठ्ठ्यावर तासभर ठेवा. जवसाचं तेल पुठ्ठ्यात शोषलं जातं, रंग मॅट आणि लवकर सुकतो. हे टाळलं तर आठवडाभर बोटं चिकटत राहतात आणि ठसे उमटतात.

काजळी कुठे धरायची हेही गाडीच सांगते. टी-५५ आणि टी-७२ यांचा एक्झॉस्ट डाव्या बाजूला फेंडरवर आहे, म्हणजे काळवंडलेला भाग तिथूनच मागे जाणार. दोन्ही बाजूंना सारखी काजळी धरलेली मॉडेल फार दिसतात.

टवके आणि गंज किती दाखवायचा?

कमी. १/३५ मध्ये एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटरचा. स्पंजच्या तुकड्यावर गडद तपकिरी रंग घ्या, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि जिथे बूट, हात, हत्यारं लागतात तिथेच टेकवा: हॅचच्या कडा, चढण्याच्या जागा, फेंडरची टोकं. टरेटच्या बाजूच्या मधोमध टवका पडायला कारण काय, हे स्वतःला विचारा. उत्तर नसेल तर तो पुसून टाका.

पूर्ण गंजलेला नारिंगी रणगाडा म्हणजे सोडून दिलेला रणगाडा. चालत्या गाडीवर गंज गडद तपकिरी आणि मोजक्या जागी असतो. एम-११३ या सैनिक वाहून नेणाऱ्या चिलखती गाडीचा हल ॲल्युमिनियमचा आहे, त्याला गंज दाखवायचाच नाही, खरचटलेली जागा करडी-चंदेरी दिसेल. ट्रॅकसाठी आपल्याकडे रोज दिसणारा नमुना आहे: पोकलेन. जमिनीला टेकणाऱ्या कडा घासून चकाकतात, स्प्रॉकेटचे दात ज्या जागी लागतात तिथे चमक, आणि उरलेला भाग मातकट तपकिरी. विहिरीच्या किंवा रस्त्याच्या कामावर उभ्या पोकलेनचे जवळून फोटो काढून ठेवा, शंभर चित्रांपेक्षा उपयोगी पडतात.

शेतातली काळी माती थेट मॉडेलवर लावली तर?

लावता येते, पण तीन गोष्टी समजून.

पहिली, कणाचा आकार. अर्ध्या मिलिमीटरचा खडा १/३५ मध्ये पावणेदोन सेंटिमीटरची खडी होतो. माती तव्यावर चांगली भाजा (त्यातले किडे आणि बी मरतात), खलबत्त्यात कुटा आणि वस्त्रगाळ करा. गाडीवर फक्त वस्त्रगाळ भाग, चाळणीत उरलेली भरड बेसवर (मॉडेल ज्यावर ठेवतो त्या पाटावर).

दुसरी, आकुंचन. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणूनच रानाला भेगा पडतात. मॉडेलवरही तेच होतं: नुसत्या मातीचा जाड लगदा लावला तर चार दिवसांत तडकून पोपडे निघतात. म्हणून एक भाग माती, एक भाग प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा बारीक वाळू, एक भाग पाणी मिसळलेला फेव्हिकॉल आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब असं मिश्रण करा. साबणाने ते पसरतं, गोळा होत नाही. बेसवर भेगाच हव्या असतील तर वाळू वगळा, माती आपलं काम करते. फेव्हिकॉलने रंग एक-दोन छटा गडद होतो, म्हणून वाळल्यावर फिक्या ऑइलचा हात फिरवावा लागतो.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची: ही माती कुठली? काळी माती दख्खनची आहे. राजस्थानच्या वाळवंटातल्या लोंगेवालाची गाडी असेल तर वाळू, आणि वाळू चिकटत नाही. तिथे चिखलाचे थर नसतात, फिकी धूळ असते आणि खालच्या कडांचा रंग घासून गेलेला असतो. पंजाबच्या सपाटीवर फिकी गाळाची माती आहे. पंजाबातल्या असल उत्तरच्या पॅटन रणगाड्याला मराठवाड्याचा चिखल लागला की जाणकाराला ते लगेच खटकतं. अशा ठिकाणी सॉफ्ट पेस्टल (तेलाचे खडू नव्हेत) वॉटर पेपरवर घासून केलेली पूड वापरा. गेरू, पिवळी माती आणि खडूची पूड यांच्या मिश्रणातूनही हव्या त्या छटा मिळतात. पूड कोरड्या ब्रशने टाका आणि कडेला टर्पेंटाइनचा थेंब टेकवा, तो स्वतः आत ओढला जातो. वरून वार्निश मारलं की धूळ जवळजवळ नाहीशी होते, म्हणून तो मोह टाळा.

चिखल कसा बसतो हे मात्र आपल्याला कुणी शिकवायला नको. वाफसा नसताना रानात घातलेला ट्रॅक्टर पाहा. टायरच्या खाचा भरून येतात, मडगार्डच्या आतल्या बाजूला जुना थर वाळून करडा झालेला असतो आणि त्यावर नवा थर ओला, काळा, किंचित चकचकीत. मॉडेलवरही जुना चिखल वर आणि फिका, ताजा चिखल खाली आणि गडद. ओल्या थरावर साटिन वार्निशचा हलका हात द्या. शिंतोडे हवे असतील तर पातळ मिश्रण ब्रशवर घ्या आणि त्यावर एअरब्रशची नुसती हवा मारा, आधी कागदावर चाचणी घेऊन. शिंतोड्यांची दिशा चाकाच्या फिरण्याशी जुळली पाहिजे.

भारतीय विषय कोणते करता येतात? मराठवाड्याशी जोडलेला काही आहे का?

१९६५ च्या असल उत्तरच्या लढाईतली अब्दुल हमीद यांची १०६ मिमी रिकॉइललेस तोफ बसवलेली जीप १/३५ मध्ये छोटी, परवडणारी आणि देखणी होते. १९७१ मध्ये गरीबपूरला भारताचे पीटी-७६ हलके रणगाडे लढले. त्याच युद्धात १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियन रणगाड्यावर होते त्याचं नाव ‘फॅमागुस्ता’.

मराठवाड्याचा स्वतःचा विषय म्हणजे सप्टेंबर १९४८ ची हैदराबाद संस्थानावरची पोलिस कारवाई. १३ तारखेला भारतीय फौजा सोलापूरकडून निघाल्या, बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला, नळदुर्ग पडलं आणि चिलखती तुकडी जळकोटवरून त्याच दिवशी उमरग्याला पोचली. दुसरी फळी तुळजापूरवर गेली. या रस्त्याचा तुकडा बेसवर करायला हवा, आणि आपल्या भागातल्या लोकांनीच करायला हवा, कारण ती माती आपल्या हाताखालची आहे. त्या तुकडीचा त्या दिवसांतला फोटो समोर नसेल तर गाडीवर नंबर आणि चिन्हं अंदाजाने लावू नका, कोरी ठेवा. झाडोऱ्याचीही काळजी घ्या: ज्वारी, तूर, बाभळ, लिंब चालतील. सोयाबीन नको, ते आपल्या रानात कित्येक दशकांनी आलं. गाजरगवतही नको, त्याची भारतातली नोंद १९५० च्या दशकातली आहे.

खरे रणगाडे जवळून कुठे पाहायला मिळतील?

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये. छत्रपती संभाजीनगर किंवा बीडहून एका दिवसात जाऊन येता येतं. तिथे बोल्ट, वेल्डच्या रेषा, ओतीव पोलादाचा खडबडीतपणा आणि ट्रॅकच्या कड्या पाहा. रंगाची छटा आणि वेदरिंग मात्र तिथून घेऊ नका. प्रदर्शनातल्या गाड्यांवर रंगाचे पुन्हा पुन्हा थर चढलेले असतात. फोटोचे नियम दारावर विचारून घ्या.

घरात मुलं आहेत. वासाचं आणि आगीचं काय?

सिमेंट, टर्पेंटाइन आणि स्प्रे कॅन तिन्ही ज्वालाग्राही आहेत. गॅस, देवघरातली समई किंवा उदबत्ती असलेल्या खोलीत फवारणी नको. खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा लावा. कापडी मास्क वाफ अडवत नाही, ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क घ्या. रेझिन नेहमी ओलं घासा, त्याची धूळ फुप्फुसात जाऊ नये. टर्पेंटाइनच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा आणि मग फेका.

पूर्ण झालेलं मॉडेल धुळीपासून कसं जपायचं?

ॲक्रिलिकची पेटी, आणि तिच्या खालच्या कडेला फोमची पट्टी. उघडं ठेवलं तर मार्च ते जूनमध्ये बसणारा फुफाटा मॉडेलवर लावलेल्या पुडीत मिसळतो आणि नंतर वेगळा काढता येत नाही. पुसायला मेकअपचा मऊ ब्रश, कापड नाही. थेट उन्हात डेकल पिवळे पडतात. एसटीने न्यायचं असेल तर जोडणीच्या वेळीच हलच्या तळाला आतून नट चिकटवून ठेवा आणि बेसच्या खालून स्क्रूने गाडी आवळा. टरेट आणि अँटेना काढून वेगळ्या डबीत ठेवा, बाकीच्या गाडीला कशाचाही स्पर्श होऊ देऊ नका.